बरोबर चाल केली तरी ट्रेनर चूक का दाखवतो?
बुद्धिबळाच्या ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘सॉफ्टवेअर बिघडलंय, बरोबर चाल केली तरी लाल दाखवतंय,’ ही तक्रार आमच्याकडे सतत येते. कुणी फोनवर सांगतं, कुणी पालक लॅपटॉप पिशवीत घालून थेट बार्शीहून नाहीतर अक्कलकोटहून दुकानात येतात. उघडून पाहावं तर सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. गोंधळ फाइलमध्ये असतो आणि जवळजवळ दर वेळी तो एकाच प्रकारचा असतो. तो तुम्हाला घरच्या घरी निस्तरता यावा आणि सोलापुरात नवी पेठेपर्यंतचा हेलपाटा वाचावा, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

चालींची नोंद कशी वाचायची, ती साठवणारी पीजीएन फाइल म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ट्रेनर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला सराव घेणारा भाग, नेमकं काय करतो, तेवढं मात्र आधी सांगायला हवं. समोरच्याची चाल तो खेळतो, तुमची चाल तुम्हाला विचारतो. उत्तर जमलं तर ती स्थिती काही दिवसांनी पुन्हा पुढे आणतो, चुकलं तर लवकर आणतो. ही कल्पना घरोघरी संगणक येण्याच्याही आधीची आहे. पाठ झालेली कार्डं मागच्या कप्प्यात आणि चुकलेली पुढच्या कप्प्यात ठेवायची, ही पेटीची पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये मांडली. ट्रेनर तेच काम चालींच्या बाबतीत करतो. चाल चांगली की वाईट, हे तो ठरवत नाही. ते काम इंजिनचं, म्हणजे चाली मोजून आकडा देणाऱ्या प्रोग्रॅमचं. ट्रेनर फक्त तुम्ही भरलेल्या फाइलशी ताळा करतो. फाइलमध्ये आहे ते बरोबर, नाही ते चूक.

म्हणून फाइल भरताना एक नियम कधीही मोडू नका. आपल्या बाजूने एका स्थितीत एकच चाल. समोरच्याच्या बाजूने हव्या तितक्या.

हा नियम बहुतेकांना पटतो, तरी मोडला जातो, कारण तो मोडलेला डोळ्यांना दिसत नाही. इटालियन ओपनिंगचं उदाहरण घ्या, आमच्याकडची निम्मी मुलं तेच खेळतात. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. इथे काळा दोन प्रकारे खेळतो, म्हणून मुलाने दोन ओळी, म्हणजे चालींचे दोन क्रम, भरल्या. पहिल्या ओळीत काळ्याचा उंट सी५ला आला, पांढऱ्याने डी३ केलं, काळ्याचा घोडा एफ६ला आला आणि पांढऱ्याने सी३ केलं. दुसऱ्या ओळीत काळ्याचा घोडा आधी एफ६ला आला, पांढऱ्याने डी३ केलं, मग काळ्याचा उंट सी५ला आला आणि पांढऱ्याने कॅसलिंग (किल्लेबंदी) केलं. कागदावर या दोन वेगळ्या ओळी दिसतात. आता त्या पटावर लावून बघा. पांढऱ्याच्या पाचव्या चालीआधी दोन्हीकडे पट अगदी सारखा आहे. प्यादी, घोडे, उंट, सगळं त्याच घरांत. एकाच स्थितीला तुमच्या फाइलमध्ये सी३ आणि कॅसलिंग अशी दोन उत्तरं झाली.

मग पहिली ओळ सुरू असल्याने ट्रेनर सी३ मागत असताना मुलगा कॅसलिंग करतो आणि लाल दिसतं. दोन दिवसांनी तो आठवणीने सी३ करतो, तेव्हा दुसरी ओळ सुरू असते, पुन्हा लाल. खरं तर दोन्ही चाली उत्तम आहेत, आणि मुलाला ती ओपनिंग येतेही. पण रोज चूक-चूक ऐकून त्याचा स्वतःच्या चालीवरचा विश्वास उडतो. नंतर स्पर्धेत याच स्थितीत तो वेळ घालवत बसतो. आम्हाला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

हे बहुतेक वेळा दोन फाइली एकत्र केल्यामुळे होतं. एक फाइल प्रशिक्षकांनी दिलेली असते, दुसरी मोबाइलवर फिरत फिरत आलेली. दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या आवडींनी केलेल्या. कॅरो-कान या काळ्याच्या ओपनिंगमध्ये पांढऱ्याने तिसऱ्या चालीला ई५ केलं की एक फाइल उंट एफ५ सांगते, दुसरी सी५. दोन्ही खेळण्याजोग्या आहेत, पण तुम्ही एकच निवडा. जास्त ओळी म्हणजे जास्त तयारी, असा समज सगळीकडे आहे. आमच्या मते शाळकरी मुलाच्या हातात हजारो चालींची फाइल देणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं आहे.

दुरुस्ती अशी करा. आधी आहे त्या फाइलची प्रत काढून वेगळ्या नावाने ठेवा, तारीख घालून. यात आळस करू नका, कारण एकदा पुसलेली ओळ परत मिळेलच असं नाही. मग ट्रेनर लाल दाखवतो त्या स्थितीवर थांबा आणि त्या स्थितीत फाइलमध्ये आपल्या किती चाली आहेत ते बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या स्थितीवर आलं की तिथून निघणाऱ्या सगळ्या चाली बाजूला दिसतात. दोन असतील तर एक ठेवा, दुसरी काढा. काढवत नसेल तर तिची वेगळी फाइल करा, पण सरावाच्या फाइलमध्ये ठेवू नका. काही सॉफ्टवेअर स्थिती न ओळखता फक्त ओळ ओळखतात. तिथे अशी यादी मिळणार नाही, ओळी पटावर मांडूनच शोधावं लागेल.

कोणती चाल ठेवायची? इंजिन एकीला दुसरीपेक्षा ०.१ किंवा ०.२ने जास्त देत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. मुलाने आजवर जी खेळली आहे आणि जिच्या पुढचे डाव त्याला आवडतात, ती ठेवा. सराव करताना इंजिन बंदच असू द्या. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हलत असला की मूल पट सोडून आकडाच बघत बसतं.

लाल दिसण्याचं आणखी एक कारण असतं, पण ते किरकोळ आहे. काळ्याची फाइल पांढऱ्याच्या नावाने उघडली जाते आणि ट्रेनर समोरच्याच्या चाली विचारू लागतो. फाइल घेताना रंग तपासा, एवढंच.

दुसरी तक्रार साचलेल्या सरावाची. परीक्षा झाली, किंवा जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली, की पंधरा दिवस कुणी लॅपटॉप उघडलेला नसतो. मग उघडल्यावर शेकडो स्थिती एकदम समोर येतात आणि पालक म्हणतात, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू या. तसं करू नका. आधीचा सराव फुकट जातो. नव्या ओळी काही दिवस बंद ठेवा, रोज वीस मिनिटं फक्त साचलेलं करा. ज्या ओळी वर्षभरात एकाही डावात आल्या नाहीत, त्या या निमित्ताने काढून टाका. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मुलाला विचारा की इथून पुढे तू काय करणार, कोणता घोडा कुठे नेणार. उत्तर आलं नाही तर ती ओळ पाठ आहे, समजलेली नाही.

२०२४मध्ये गुकेश जगज्जेता झाला आणि २०२५मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून ‘त्यांच्या ओपनिंगची फाइल द्या’ असं मागायला बरेच जण येतात. ही ओढ फार चांगली आहे, आम्हालाही त्याचा आनंद होतो. पण त्या दर्जाचे खेळाडू समोर कोण आहे ते बघून तयारी बदलतात. तुमच्या मुलासमोर येणारी मुलं काय खेळतात, ते बघायला हवं. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा गट निवडून त्या पातळीवर कोणती चाल किती वेळा खेळली जाते, ते दिसतं. समोरच्याच्या ज्या चाली तिथे वारंवार दिसतात, त्या आधी भरा.

आता ओघाने येणारा प्रश्न. लिचेस फुकट आहे, स्टॉकफिश इंजिन फुकट आहे, मग दुकानात पैसे कशाचे? लिचेस अवश्य वापरा, आम्हीही तेच सुचवतो. पैसे आहेत ते फाइल बसवून देण्याचे. आम्ही मुलाने स्वतः खेळलेले डाव मागतो, त्यातून तो कुठे अडतो ते बघतो आणि त्याच्यापुरती लहान फाइल करतो, रंगागणिक वेगळी, प्रत्येक स्थितीत त्याची एकच चाल. चालीखाली तिचं कारण मराठीत लिहितो. म्हणून ती त्याच दिवशी हातात मिळत नाही, चार-पाच दिवस लागतात. काही जणांना फाइल छोटी वाटते. ती मुद्दाम छोटी ठेवलेली असते. मुलाने तेवढी पक्की केली की पुढच्या ओळी वाढवून देतो, आणि आम्ही केलेल्या फाइलची दुरुस्ती वर्षभर विनामूल्य असते. प्रशिक्षकांची फाइल असेल तर तीच प्रमाण धरतो, त्यात त्यांना विचारल्याशिवाय चाल बदलत नाही.

विकतच्या कोर्सची चोरून केलेली प्रत किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आम्ही लॅपटॉपवर टाकून देत नाही. ओळखीवरही नाही. कुणीतरी महिनोन्‌महिने बसून त्या ओळी तपासलेल्या असतात, त्यांची मेहनत फुकट वाटायचा आम्हाला अधिकार नाही. शिवाय अशा फाइलींत तुकडे सांधलेले असतात. वर सांगितलेला गोंधळ सगळ्यात जास्त त्यांच्यातच सापडतो.

वरचं सगळं करूनही लाल दिसत राहिलं तर जरूर या. जिथे लाल दिसतं त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्यावरून निम्मं काम होतं. लॅपटॉपसोबत चार्जर आणा, फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर आणा, आणि खात्याचा पासवर्ड ज्याला माहीत आहे त्यालाही सोबत आणा. मुलाला आणलंत तर फार बरं. दोनपैकी कोणती चाल ठेवायची, हे त्यालाच विचारून ठरवता येईल. शनिवारी-रविवारी सकाळी गर्दी असते, संध्याकाळी पाचनंतर निवांत बसता येतं.