लाकडावरच्या बुरशीची ओळख तंतूंवरून

कुजणाऱ्या ओंडक्यावर पसरलेला पांढरट थर कोणत्या बुरशीचा आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे बहुधा अशक्यच असते, कारण अगदी सारखे दिसणारे थर एकमेकींशी दूरचेच नाते असलेल्या अनेक प्रजातींचे असू शकतात. छत्रीसारख्या बुरशीला टोपी, देठ आणि पटले तरी असतात. इथे मात्र सूक्ष्मदर्शकाखेरीज गत्यंतर नाही.

धारदार ब्लेडने घेतलेला पातळ काप पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवला की वाळलेल्या पेशी फुगून पूर्वरूपावर येतात. फेलिनससारख्या तपकिरी बुरशीचा काप याच द्रावणात काळपट पडतो, आणि ती खूणही कामी येते.

खरी माहिती मिळते ती कवकतंतूंवरून, म्हणजे बुरशीचे शरीर ज्यांचे बनलेले असते त्या सूक्ष्म धाग्यांवरून. वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी 1932 मध्ये दाखवून दिले, की फळकायेतले, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या भागातले, तंतू तीन प्रकारचे असतात: पातळ भित्तीचे, आडपडदे असलेले जनक तंतू, जाड भित्तीचे, सरळ आधारतंतू, आणि वेडेवाकडे फाटे फुटलेले बंधक तंतू. रंगीत पट्ट्यांच्या ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या बुरशीमध्ये हे तिन्ही सापडतात. जनक तंतूंच्या पडद्यापाशी बाहेरच्या बाजूने क्लॅम्प नावाचा छोटा जोड आहे का, हे पाहावेच लागते. तो नाही असे दोन-चार पडदे पाहून ठरवणे घाईचे होईल, आणि आधारतंतूंना पडदेच नसल्याने त्यांवर तो शोधणे तर निरर्थकच. मात्र डीएनएच्या अभ्यासातून तंतूंची एकच रचना वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचे दिसले आहे, त्यामुळे एवढ्यावरून नातेसंबंध ठरवता येत नाहीत.

बीजाणूंचे माप मायक्रोमीटरमध्ये घेतात. आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात स्टेरियम या बुरशीचे बीजाणू निळसर होतात. गॅनोडर्माचे दुहेरी भित्तीचे, एका टोकाला छाटल्यासारखे बीजाणू तर रंगाविनाही ओळखू येतात.

फांद्यांवरच्या पिवळ्या, जेलीसारख्या गोळ्यांच्या बाबतीत बीजाणू निर्माण करणारी पेशी, म्हणजे बेसिडियम, निर्णायक ठरते. डॅक्रिमायसिसमध्ये ती नादकाट्यासारखी (ट्यूनिंग फोर्कसारखी) दुभंगलेली असते, तर ट्रेमेलामध्ये उभ्या पडद्यांनी विभागलेली. हा फरक केवळ नावापुरता नाही: डॅक्रिमायसिस लाकूड कुजवते, तर ट्रेमेला मेसेन्टेरिका लाकडात वाढणाऱ्या पेनिओफोरा या दुसऱ्या बुरशीवर जगते.