मागीलदारचं रोप आणि दहा वर्षं

मागीलदारी न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, दोन मिरच्या. शेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यात गांजाचं एक रोप. ‘घरच्यापुरतं आहे, विकतोय कुठे?’ हा बचाव ऐकायला पटतो, पण कायद्यापुढे तो टिकत नाही. लागवडीवरच्या या मनाईची मुळं नशेइतकीच महसुलातही आहेत.

भांग, म्हणजे गांजाचंच झाड, कोकण किनाऱ्याला नवी नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिच्यावर लिहिलंय. इंग्रजांच्या काळात ती अबकारीकडे गेली. भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या आयोगाने हजारावर साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला. लागवड मात्र परवान्यानेच व्हावी, हेही त्याच अहवालात आहे. घरोघरी रोपं उगवली तर कर घ्यायचा कुणाकडून?

पुढे अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाची व्याख्या फुलाफळांच्या शेंड्यांपुरती ठेवली. नुसती पानं आणि बिया सुटल्या, म्हणून शिवरात्रीची पानांची भांग तरली. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातही गांजा म्हणजे शेंडेच. पण पान सुटलं तरी झाड सुटलं नाही. लागवडीला कलम ८ ची वेगळी मनाई आहे.

मूळ कायद्यात लागवडीला पाच वर्षांपर्यंत कैद होती. २००१ मध्ये शिक्षा प्रमाणानुसार ठरू लागल्या आणि थोडा माल बाळगणाऱ्याला सवलत मिळाली. लावणाऱ्याची कैद मात्र दुप्पट झाली. आज किलोपेक्षा कमी गांजा जवळ सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष, आणि रोप लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर लाखापर्यंत दंड. रोप एक की वावरभर, हे कलम २० विचारत नाही. विकत आणणाऱ्यापेक्षा घरी लावणारा मोठा गुन्हेगार, हा हिशेब मला तरी उलटाच वाटतो. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन रोपं चालतात. आपल्याकडे उत्तराखंडने २०१८ पासून परवाने दिले, तेही नशा नसलेल्या, धाग्याच्या भांगेला.

कोकणात आणखी एक गुंता आहे. सातबारावर नाव मुंबईच्या चाकरमान्याचं, घरात राहतो राखणदार. गणपतीला आलेल्या मालकाने तो डबा पाहिला आणि गप्प बसला, तर जमीनमालकाला खबर देणं बंधनकारक करणारं कलम ४६ त्याच्यापर्यंत पोचतं. सरपंच आणि पंचांना ठाऊक असेल, तर त्यांच्यासाठी तसंच कलम ४७ आहे.