पार्श्वभूमी: पाकीट भरणारे यंत्र वाचायला कसे शिकले

बँकेचे विवरणपत्र, विम्याच्या हप्त्याची सूचना, विजेचे बिल, करखात्याची नोटीस. अशी पाकिटे लाखांच्या संख्येने तयार होतात आणि त्यांतल्या बहुतेकांना टपालात पडेपर्यंत माणसाचा हात लागलेला नसतो. कागदाला घडी घालणारे, तो पाकिटात सरकवणारे, पाकीट चिकटवणारे आणि या सगळ्याची मोजदाद ठेवणारे यंत्र म्हणजे इन्सर्टर. त्याची कहाणी सहसा वेगाची म्हणून सांगतात: आधी तासाला काही हजार, मग दहा हजार, मग वीस हजारांच्या पुढे. मला ती अपुरी वाटते. कागद पाकिटात घालायचा कसा, हा प्रश्न 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत बराचसा सुटला होता. नेमका हाच कागद याच पाकिटात जायचा आहे हे यंत्राला कळावे कसे, हा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड निघाला.

मुळात पाकीट घरोघरी पोहोचले तेच टपालाचे दर बदलल्यामुळे. ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी टपालाचे शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. पत्र पाकिटात घातले की पाकीट हा दुसरा कागद धरला जाई आणि शुल्क दुप्पट होई. त्यामुळे लोक पत्राचाच कागद दुमडून, लाखेने बंद करून, पाठीवर पत्ता लिहीत. रोलंड हिल यांनी 1837 मध्ये पुस्तिका काढून मांडलेली सुधारणा 10 जानेवारी 1840 रोजी अमलात आली: देशात कुठेही जाणाऱ्या अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, पैसे आगाऊ भरल्यास, एक पेनी. शुल्क वजनावर ठरू लागले आणि पाकिटावरचा भुर्दंड गेला. पाच वर्षांत, 1845 मध्ये, रोलंड यांचे बंधू एडविन हिल आणि वॉरन डी ला रू यांनी पाकिटाला घड्या घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1851 च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. अमेरिकेत 1853 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरातले डॉक्टर रसेल हॉज यांनी आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले, आणि वुस्टर पुढे पाकिटांच्या कारखान्यांचे मोठे केंद्र झाले. यंत्रावर बनलेले प्रत्येक पाकीट दुसऱ्यासारखेच, एका मापाचे आणि एकाच ठिकाणी घडी असलेले. पुढे पाकिटे यंत्राने भरता आली याचा पाया या एकसारखेपणात होता.

पाकिटे यंत्राने बनू लागली तरी भरली जात होती हातानेच. लांब टेबलांभोवती बसून कारकून आणि कामगार स्त्रिया पत्रकांच्या गठ्ठ्यातून एकेक कागद उचलत, घडी घालत, पाकिटात सारत. मजकूर सगळ्यांना सारखाच असला तर चूक व्हायला फारशी जागा नव्हती. पत्त्यांचे काम मात्र किचकट. 1890 च्या दशकात जोसेफ स्मिथ डंकन यांनी आणलेल्या ॲड्रेसोग्राफ या पत्ते छापणाऱ्या यंत्राने तो भार हलका केला. पुढच्या काळात हे पत्ते धातूच्या छोट्या पट्ट्यांवर उठवून ठेवत, आणि तेच पत्ते दर महिन्याला पुन्हा छापता येत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दिसायला साधी आहे: खिडकीचे पाकीट. 10 जून 1902 रोजी शिकागोच्या अमेरिकस कॅलहन यांना त्याचे पेटंट मिळाले. पाकिटाच्या दर्शनी बाजूला पारदर्शक चौकट, आणि त्यातून आतल्या कागदावरचाच पत्ता दिसतो. पत्ता दोनदा लिहिण्याचा त्रास वाचतो, हा उघड फायदा. खरी करामत वेगळी आहे. पाकिटावर एक नाव आणि आतल्या बिलावर दुसरे, ही गफलत इथे होऊच शकत नाही, कारण पाकिटाला स्वतःचा पत्ताच उरत नाही. कोणतेही पाकीट कोणत्याही कागदाला चालते. जोड्या जुळवण्याचे अर्धे ओझे एका चौकोनी भोकाने उतरवले, आणि तेही भरणाऱ्या यंत्रांचा जमाना येण्याआधी. या उद्योगातल्या सगळ्या कल्पनांमध्ये मला हीच सर्वांत देखणी वाटते.

आणखी एक अडसर तिकिटाचा होता. आर्थर पिटनी यांनी टपालखर्च थेट पाकिटावर छापणारे यंत्र बनवले होते. 1920 मध्ये वॉल्टर बोज यांच्याशी त्यांची जोडी जमली, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे मीटर मान्य केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डहून मीटरचा छाप असलेले पहिले टपाल रवाना झाले. तिकीट ओले करून डकवायची गरज संपली. आता यांत्रिक साखळीत मधला दुवाच, म्हणजे पाकीट भरण्याचा, काय तो बाकी होता.

तो जोडणाऱ्या यंत्रांमध्ये सर्वांत नावाजले न्यू जर्सीतल्या फिलिप्सबर्ग गावाचे. तिथली यंत्रे या धंद्यात फिलिप्सबर्ग म्हणूनच ओळखली जात. पुढे ती कंपनी बेल अँड हॉवेल या अमेरिकी उद्योगाने विकत घेतली. पाकीट भरणाऱ्या यंत्राचे विल्यम्स या नावाने 1943 मध्ये दिलेले अमेरिकी पेटंट नंतरच्या अनेक पेटंटांमध्ये पायाभूत म्हणून उल्लेखलेले आढळते. या घराण्यातल्या यंत्रांची रचना सांगण्यासारखी आहे. एका लांब पट्ट्यालगत कागदांचे कप्पे ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक कप्प्याखाली हवा ओढणारा रबरी चोषक गठ्ठ्यातल्या सर्वांत खालच्या कागदाची कड वाकवतो. लगेच झोके घेणारा एक हात पुढे येऊन आपल्या चिमट्यात ती कड धरतो, कागद ओढून काढतो आणि पट्ट्यावर सोडतो. साखळीवरच्या खुंट्या तो कागद पुढच्या कप्प्यासमोर नेतात. तिथे त्यावर दुसरा पडतो, मग तिसरा. शेवटी संच तयार होतो. समोर पाकीट थांबलेले असते. त्याचे झाकण उघडलेले, तोंड चोषकांनी फाकवलेले, कडांमध्ये दोन पातळ बोटे घातलेली. मागून दांडा येतो आणि संच आत ढकलतो.

हे सगळे एकाच मुख्य दांड्यावरच्या कॅमच्या, म्हणजे फिरता फिरता हातांना हलवणाऱ्या उंचसखल चकत्यांच्या, फेऱ्यांवर चाले, म्हणजे प्रत्येक हात, चोषक आणि खुंटी एकाच तालात. कागद मात्र तालात वागणारी वस्तू नाही. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत त्यात स्थिर वीज साठते आणि दोन पाने एकमेकांना चिकटतात, कापताना कडा गुंतल्या तर तीही जोडीने येतात. म्हणून चिमट्यातल्या कागदाची जाडी मोजण्याची सोय केली गेली. जाडी नेहमीपेक्षा जास्त भरली तर दोन पाने आली, काहीच लागले नाही तर पान सुटले. दोन्ही वेळा यंत्र थांबे. यंत्राने आपल्याच कामाची तपासणी करावी, ही कल्पना अशी जाडी मोजण्यापासून सुरू झाली. त्या कागदावर काय लिहिले आहे, याच्याशी तिला अजून देणेघेणे नव्हते.

जाहिरातीच्या पत्रकांना तेवढे पुरत होते. मग संगणक आला. 1959 मध्ये आलेला आयबीएमचा 1403 छपाईयंत्र मिनिटाला 600 ओळी छापत असे, कडेला भोके असलेल्या सलग कागदावर. 1970 च्या दशकात लेझर छपाई आली: सलग कागदावर आयबीएम 3800, आणि 1977 मध्ये सुट्या पानांवर सेकंदाला दोन पाने छापणारे झेरॉक्स 9700. आता प्रत्येक पान वेगळे होते. एका ग्राहकाचे विवरणपत्र एक पानाचे, पुढच्याचे चार, त्याच्या पुढच्याचे दोन. एक पान जरी मागेपुढे झाले तरी त्यानंतरचे प्रत्येक पाकीट चुकणार, आणि बाहेरून सगळे ठीकच दिसणार. खिडकीतून पत्ता तर पहिल्याच पानाचा दिसतो! त्याच्यामागे शेजाऱ्याच्या खात्याचा हिशेब आहे की नाही, हे चौकट सांगू शकत नाही. कॅलहन यांच्या युक्तीची मर्यादा इथे उघडी पडली.

त्यावर निघालेला तोडगा आजही जुन्या बिलांच्या समासात पाहायला मिळतो: एकाखाली एक छापलेल्या आखूड काळ्या रेघा. ग्राहकाला त्या छपाईची चूक वाटतात. प्रत्यक्षात ती यंत्राला दिलेली आज्ञा असते. एखादी रेघ असणे किंवा नसणे यावरून संवेदक ओळखतो की संच इथे संपला, अमुक कप्प्यातले पत्रक यात घाल, किंवा हा संच बाजूला काढ. काही रेघा केवळ क्रम तपासण्यासाठी असतात, म्हणजे मधले पान गळाले की क्रम तुटतो आणि यंत्र थांबते. भरणाऱ्या यंत्राचे हे पहिले वाचन. नंतर रेघांची जागा बारकोडने घेतली, पुढे चौकोनी ठिपक्यांच्या कोडने. त्यात ग्राहकाच्या संचाची स्वतंत्र ओळख मावू लागली.

युरोपात याच काळात दोन नावे मोठी झाली. जर्मनीतल्या ऑग्सबर्गची बोवे ही 1945 मध्ये माक्स ब्योलर आणि फर्डिनांड वेबर यांनी काढलेली कंपनी. तिची सुरुवात कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या यंत्रांपासून झाली. दुसरी स्वित्झर्लंडची केर्न. बोवेने पुढे 2003 मध्ये बेल अँड हॉवेलचा टपालयंत्रांचा व्यवसायच घेतला.

अमेरिकेत 1963 मध्ये आपल्या पिन कोडसारखा झिप कोड आला आणि 1976 मध्ये आधीच वर्गवारी करून दिलेल्या फर्स्ट क्लास टपालाला, म्हणजे पत्रे-बिलांच्या टपालाला, सवलत सुरू झाली. त्याने छपाईच्या क्रमाला थेट पैशांची किंमत आली. पाकिटे पत्त्यांच्या ठरावीक क्रमाने बाहेर पडली पाहिजेत, म्हणजे कागदही त्याच क्रमाने छापले गेले पाहिजेत आणि यंत्राने तो क्रम मोडता कामा नये. म्हणून आजच्या मोठ्या इन्सर्टरकडे कामाआधीच प्रत्येक पाकिटाची यादी असते. संच आत येताना कोड वाचला जातो, बाहेर पडताना कॅमेरा खिडकीतून पुन्हा वाचतो, आणि यादीतल्या त्या नोंदीवर खूण होते. ज्यावर खूण झाली नाही किंवा जो संच फाटला, तो पुन्हा छापला जातो आणि पुन्हा याच तपासणीतून जातो.

ही खूण थांबली तर काय होते, ते ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या फ्रँकलिन काउंटीत दिसले. टपालाने मत देणाऱ्या जवळपास 50 हजार मतदारांना चुकीच्या मतपत्रिका मिळाल्या. मतपत्रिका पाकिटात भरणाऱ्या यंत्राची एक सेटिंग बदलली गेली होती, आणि त्यामुळे पडताळणी बंद पडली होती. भरण्याचे काम मात्र यंत्राने सुरूच ठेवले. बरोबर मतपत्रिका पुन्हा छापून पाठवाव्या लागल्या.

टपाल आता आटते आहे. अमेरिकेत फर्स्ट क्लास टपाल 2001 मध्ये सुमारे 104 अब्ज होते, 2023 मध्ये ते 46 अब्जांच्या आसपास आले. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने 2025 अखेर पत्रवाटपच थांबवले. नवी यंत्रे यामुळेच वेगळ्या गरजेसाठी घडवली जातात: लाखोंचे एकच काम नाही, तर शेकड्यांची अनेक कामे, एका कामातून दुसऱ्याकडे मिनिटांत वळणारी, कधी सलग गुंडाळीच्या कागदातून संचाभोवतीच पाकीट तयार करणारी. सर्वसाधारण बिल फोनवर गेले. कागदावर उरलेल्यांत कायदेशीर नोटिसा आहेत, मतपत्रिका आहेत, बँक कार्डे आणि त्यांचे गुप्त क्रमांक आहेत, आणि रुग्णालयाचे अहवाल आहेत.