मद्यप्राशनबंदी, तात्पुरती (गोवा)

सण, मिरवणूक, जत्रा अशा गर्दीच्या दिवसांत सार्वजनिक बागा, मैदाने, नदीकाठ व समुद्रकिनारे येथे मद्य पिण्यास आणि पुष्कळदा बाटली जवळ बाळगण्यासही ठरावीक मुदतीपुरती केलेली मनाई. बोलण्यात तिला सरसकट ‘ड्राय डे’ म्हटले जाते. ते नेमके नाही. ड्राय डे ही विक्रीबंदी असून ती तारखेला बांधलेली असते. त्या दिवशी दुकाने, बार व तावेर्न (गावोगावचे दारूचे गुत्ते) बंद राहतात, घरी कोणी काय घेतो हा प्रश्न नसतो. प्राशनबंदी जागेला बांधलेली असते. रस्त्यापलीकडचा बार उघडा असतो, फक्त तेथली बाटली उचलून बागेतल्या बाकावर बसता येत नाही.

दोहोंचे अधिकारीही निराळे. विक्रीचे परवाने व बंदी अबकारी खाते पाहते. त्याचा आधार १९६४ चा अबकारी कर कायदा. जागेपुरती तातडीची मनाई करायची झाल्यास तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्याचा. पूर्वी असा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्याची मुदत साधारणतः दोन महिन्यांपलीकडे जात नाही, म्हणून अशी बंदी स्वभावतःच तात्पुरती. मतदानाच्या वेळची बंदी मात्र केंद्रीय कायद्यातली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यात १९९६ मध्ये घातलेल्या कलम १३५ग नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सार्वजनिक वा खासगी कोणत्याही जागी मद्य विकता, देता वा वाटता येत नाही. कलमात ‘पिणे’ हे क्रियापद नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

उगम : ही प्रथा २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. त्या तहाने मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली अबकारी पद्धत गोव्यात शिरली. ‘अबकारी’ हा शब्द फारसी आब (पाणी) व कार (काम) यांपासून आलेला आहे. तह १८९२ मध्ये संपला. तथापि त्या व्यवस्थेचा रोख महसुलावर आणि सरहद्दीवरून होणाऱ्या चोरट्या व्यापारावर होता. माड किती छेदले, भट्टी कोठे लावली, कर किती भरला, एवढेच तिला हवे होते. रेंदेराने (माडावर चढून रस काढणाऱ्याने) सूर (माडी) काढली की तिचा हिशेब सुरू होई. कोणी कोठे बसून प्यावे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. महाराष्ट्रातील वाचकाला जवळचा वाटणारा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदाही येथे उगम म्हणून घेता येत नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि नंतरही तो कायदा येथे लागू झाला नाही. परमिट काढून पिण्याची कल्पना गोवेकराला आजही गमतीची वाटते. गांधी जयंतीसारख्या तारखांची विक्रीबंदी ही १९६१ नंतरची, संविधानाच्या अनुच्छेद ४७ च्या (राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असे सांगणाऱ्या) छायेतली मानणे अधिक सयुक्तिक. उलट जागेपुरत्या मनाईचे नाते पोर्तुगीज काळातल्या नगरपालिकांच्या स्थानिक नियमांशी, म्हणजे ‘पोस्तुरां’शी, अधिक जवळचे दिसते. रस्ता, बाजार व बाग यांतील वर्तनाचे नियम हा त्यांचाच प्रांत होता.

पणजीतील नगरपालिका उद्यान १८५५ च्या सुमाराचे असून त्याला गार्सिया द ओर्ता या सोळाव्या शतकातील वैद्याचे नाव आहे. बागेत मद्य नको म्हणणाऱ्या फलकाशेजारी हे नाव वाचताना हसू येते, कारण गोव्याच्या दारूच्या जुन्या तपशीलवार उल्लेखांपैकी एक याच गृहस्थाचा. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने माडाची सूर, तिच्यापासून गाळलेली ‘ओर्राका’ आणि पहिल्या धारेची ‘फुला’ यांची नोंद केली आहे. ओर्राका हा शब्द अरबी ‘अरक’वरून आला, आजचे ‘हुर्राक’ त्याचेच रूप, फक्त ते आता काजूच्या पहिल्या गाळपाला लागते. ओर्ता काजूचे नाव घेत नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हांव द कॉस्ता हा दुसरा पोर्तुगीज वैद्य कोचीनच्या बागांतला काजू वर्णितो. त्यावरून काजू पश्चिम किनाऱ्यावर या दोन सालांच्या आगेमागे रुळला असावा. काजूची फेणी अर्थातच त्यानंतरची; तिला भौगोलिक मानांकन (जीआय) २००९ मध्ये मिळाले.

अलीकडील तरतुदी : २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक सार्वजनिक जागा ‘मद्यप्राशननिषिद्ध’ म्हणून जाहीर करण्याची सोय झाली. २०१९ च्या जानेवारीत पर्यटनस्थळांच्या संरक्षणाविषयीचा २००१ चा कायदा बदलून किनाऱ्यांवर व अन्य पर्यटनस्थळी उघड्यावर पिणे, बाटल्या फोडणे आणि स्वयंपाक करणे यांसाठी एकट्याला २,००० व टोळक्याला १०,००० रु. दंड ठरला. तात्कालिक कारण नैतिक नव्हते. वाळूत रुतलेल्या काचा अनवाणी पायांना कापत होत्या. २०२५ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपयांपर्यंत नेली. या कायद्यांमुळे सणापुरत्या बंदीचे महत्त्व घटले आहे : जे पूर्वी चार दिवस मना होते, ते आता कागदोपत्री बाराही महिने मना आहे. सणाच्या दिवशी बदलते ती पोलिसांची संख्या. २०१६-१७ मधील महामार्गालगतच्या दारूविक्रीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचा विषय वेगळा. ती अंतराची बंदी होती.

सण : इंत्रुजाच्या (कार्निव्हल) दिवसांत किंग मोमो ‘खा, प्या, मजा करा’ असे फर्मान वाचतो, अशा आनंदावर आदेशाचे बोट ठेवणे प्रशासनाला अवघड जाते. २४ जूनच्या सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) डोक्यावर पानाफुलांचे कोपेल (मुकुट) चढवून विहिरीत उड्या मारतात आणि नव्या जावयाच्या सासुरवाडीत फेणीची बाटली हा मानाचाच भाग असतो. विहीर कोणाच्या तरी परसातली, त्यामुळे सार्वजनिक जागेची मनाई तेथवर पोचत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) व शिगमो (शिमगा) यांत, तसेच देवळांच्या जत्रांत, मनाई बहुधा देवस्थानच्या वा गावच्या शब्दावर चालते.

अंमलबजावणीची खरी अडचण किनाऱ्यावर दिसते. परवानाधारक शॅकच्या (वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळीच्या) टेबलावरची बिअर कायदेशीर असते. तीच बाटली घेऊन माणूस दोन पावले पुढे वाळूत बसला, की तो गुन्हा ठरतो. आणि ही दोन पावले कोठून मोजायची हे भरती-ओहोटीबरोबर बदलत राहते.