गोवर की रोझिओला? आधी ताप उतरला की आधी पुरळ उठलं, ते आठवा

माझी लेक आठ महिन्यांची असताना तिला चार दिवस ताप होता. पॅरासिटामॉल दिलं की दोन-तीन तास उतरायचा, पुन्हा १०३ वर जायचा. शिंक नाही, खोकला नाही, आणि ताप जरा खाली आला की पोरगी चक्क खेळायला लागायची. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. झबलं बदलताना पाहिलं तर पोटावर आणि पाठीवर बारीक गुलाबी ठिपके. सासूबाई म्हणाल्या, "गोवर बाहेर पडला गं. आता भ्यायचं कारण नाही." मी मात्र पुरती हादरले, कारण गोवरची लस नवव्या महिन्यात असते, म्हणजे ती व्हायचीच होती.

डॉक्टरांनी अंगाकडे बघण्याआधी विचारलं, "पुरळ उठलं तेव्हा ताप होता का?" नव्हता. आदल्या रात्रीच उतरला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे मी तापाचे आकडे वेळेसह लिहून ठेवले होते, तो कागद त्यांनी पुरळापेक्षा जास्त वेळ पाहिला. तो रोझिओला होता.

गोवर हे नाव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. रोझिओला हा शब्द बहुतेक आईवडील पहिल्यांदा दवाखान्यातच ऐकतात. त्यामुळे तापानंतर अंगावर जे काही उठेल त्याला घरात गोवरच म्हटलं जातं.

रोझिओला साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात होतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या आसपास ओसरते आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या लाळेतून विषाणू बाळापर्यंत पोचतो. हा हर्पिस कुळातला सहाव्या क्रमांकाचा विषाणू. रोझिओला त्याच्यामुळे होतो हे जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं. कधी त्याचा सातव्या क्रमांकाचा भाऊही कारण असतो. तीन ते पाच दिवस कडक ताप, मग तो एकदम उतरतो, आणि त्यानंतर पुरळ. आधी पोट, छाती, पाठ. तिथून मान आणि हातपाय. खाज नसते. एक-दोन दिवसांत डाग न ठेवता जातं. त्याला औषध लागत नाही. सांभाळायचं ते तापाच्या दिवसांत, कारण ताप झपाट्याने चढताना काही बाळांना झटका येतो. झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

गोवरचा क्रम नेमका उलटा आहे. ताप येतो, त्याच्याबरोबर कोरडा खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. मूल चिडचिडं, मलूल, उजेडाकडे बघायला नको म्हणणारं. दोन-तीन दिवसांनी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांजवळ, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसू शकतात. हेन्री कोपलिक या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते कोपलिकचे ठिपके. अंगावर पुरळ येण्याआधी गोवर ओळखायची ही खूण, पण ती लवकर नाहीशी होते. मग कानामागे आणि केसांच्या रेषेपाशी पुरळ सुरू होतं, चेहऱ्यावर येतं आणि वरून खाली पावलांपर्यंत उतरतं. ते उठत असताना ताप कमी होत नाही, उलट आणखी चढतो. १०४ च्याही वर जातो. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि जाताना तपकिरी डाग व कोंड्यासारखी साल सोडून जातात.

आपल्या सावळ्या कातडीवर 'गुलाबी' आणि 'लाल' हा फरक फोटोत दिसतो तितका सोपा नसतो. गोवरचं पुरळ आपल्या मुलांच्या अंगावर पुष्कळदा नुसतं काळपट, खरबरीत दिसतं. म्हणून रंगापेक्षा पुरळ कुठून सुरू झालं, कुठे गेलं आणि तेव्हा तापाचं काय चाललं होतं, यावर मी जास्त भरवसा ठेवेन.

घोटाळ्याची आणखी एक जागा आहे. रोझिओलाच्या तिसऱ्या दिवशी बाळाला अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक सुरू होतं आणि पाचव्या दिवशी पुरळ उठतं. फाइलवर 'अ‍ॅलर्जी' असा शेरा पडतो आणि एक चांगलं औषध त्या मुलाला वर्षानुवर्षं नाकारलं जातं. औषध कोणत्या दिवशी सुरू केलं तेही त्याच कागदावर लिहा. खरी अ‍ॅलर्जीही असू शकते; ओठ सुजणं, गांधी उठणं, धाप लागणं दिसलं तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर 'ताप उतरला, पुरळ आलं' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल सुस्त पडणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. काचेच्या पेल्याने दाबून ठिपके फिके पडत नसतील तरीही तेच.

"गोवर बाहेर पडला की सुटलो" ही समजूत मला सगळ्यात जास्त खुपते. गोवरमध्ये मुलं दगावतात ती मुख्यतः न्यूमोनियाने आणि जुलाबांनी, आणि ते पुष्कळदा पुरळ उठल्यावरच बळावतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या दाट वस्तीत, गोवरची साथ आली तेव्हा लस अर्धवट राहिलेली लहान मुलं गेली. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला माझी हरकत नाही, पण जेवण तोडू नका, पाणी आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस सलग दोन दिवस देतात. त्याने डोळे वाचतात आणि जीवही. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो, सरकारी केंद्रात मोफत. दुसरा राहिला असेल तर या आठवड्यात घ्या.

आणि गोवरचा संशय असेल तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करून तसं सांगा. मूल पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस इतरांना आजार देऊ शकतं, त्याचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी आठ महिन्यांचं बाळ बसलेलं असतं.