जेल अपील

शिक्षा झालेल्या कैद्याने तुरुंगातूनच, तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती अर्ज देऊन केलेले अपील. हा अर्ज निकालाच्या नकलेसह वरच्या न्यायालयाकडे पोचवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 424 मध्ये ही सोय आहे. 1 जुलै 2024 पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 383 मध्ये होती. मुदत उच्च न्यायालयासाठी 60 दिवस, सत्र न्यायालयासाठी 30. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयातही 30 दिवसच. नक्कल मिळण्यात गेलेला काळ यातून वगळतात, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो.

कैद्याच्या अर्जात अनेकदा ‘मी निर्दोष आहे’ यापलीकडे फारसे काही नसते. खरे अपील उभे राहते ते वकिलाच्या हातून. वरच्या न्यायालयात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टाचे कागद पुन्हा वाचले जातात. पोलिसांना दिलेला जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत तफावत कुठे आहे, पंच (जप्ती-पंचनाम्याचे साक्षीदार) फितूर झाले का, मुद्देमालाचे सील शाबूत होते का, हे उलटतपासणीच्या पानापानांतून हुडकावे लागते. कोठडीतल्या माणसाला हे एकट्याने जमणे जवळजवळ अशक्य.

म्हणूनच होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1978) हा निकाल मोलाचा. तिथे अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि नक्कल वेळेवर मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. त्याची याचिका फेटाळली गेली. पण सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात सांगितले, की नक्कल मोफत व वेळेत द्यावी, कैद्याची लेखी पोच घ्यावी आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा. पुढे विधी सेवा प्राधिकरण कायद्याने (1987) कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलाचा हक्क दिला.

नेमलेला वकील आणि कैदी यांची भेट मात्र कायद्याने आपोआप घडत नाही. खटला मुंबईत, कैदी नाशिकरोड वा अमरावतीच्या कारागृहात, अशी स्थिती असू शकते. या व्यवस्थेतली सर्वांत दुबळी जागा हीच. वकील तारखेला आला नाही, एवढ्याच कारणाने अपील फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बानी सिंग प्रकरणात ठरवले. जेल अपील सुरुवातीलाच फेटाळले गेले आणि त्याच कैद्यातर्फे रीतसर दाखल झालेले दुसरे अपील विचारात घ्यायचे राहून गेले, तर न्यायाच्या हितासाठी न्यायालय ते ऐकू शकते.