ओले लाकूड ओलेच ठेवा : प्रशिक्षणाची नोंदणी केलेल्या शाळांसाठी माहितीपत्रक

झाडाखालची हस्तकला आणि हत्यारांचा सुरक्षित वापर या आमच्या दोन दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणाची नोंदणी झाली की शाळांकडून हमखास विचारणा होते, की लाकूड आम्ही आणले तर चालेल का. अवश्य आणावे, त्यात आपलाच खर्च वाचतो. मात्र आणलेले लाकूड बहुधा कामाचे निघत नाही आणि पहिली सकाळ दुसरे शोधण्यात जाते, म्हणून हे पत्रक.

गेल्या उन्हाळ्यात कोथरूडकडच्या एका शाळेत शिपाईमामांनी सुबाभळीच्या फांद्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून साल सोलून, आठवडाभर गच्चीवर उन्हात वाळवून, सुतळीने नीट मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. इतके मनापासून केलेले काम नाकारताना आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. पण ते लाकूड चुलीला उत्तम आणि चाकूला निरुपयोगी होते. सुताराला वाळलेले लाकूड लागते, कारण ओले लाकूड आक्रसून त्याचे सांधे सैल होतात. आपण करतो ती खुंटी किंवा चमचा अखंड लाकडाचा असतो, त्याला सांधाच नाही. ओल्या लाकडाचे तंतू मऊ असल्याने अंगठ्याच्या बेताच्या दाबाने लांब, वळलेली ढलपी निघते. वाळलेल्या लाकडावर जोर करावा लागतो, आणि जोरातला चाकू सटकला की तो कोठे जाईल हे हाताच्या ताब्यात राहत नाही. मुलांसाठी चाकू जरा बोथटच ठेवा, अशी सूचना काही मुख्याध्यापक काळजीपोटी करतात, तिलाही आमचे हेच उत्तर असते.

फांदी अंगठ्याहून जाड आणि मनगटाहून बारीक, हातभर लांब व सालीसकट असावी. ती चार दिवसांपेक्षा जुनी नसावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी. सुबाभूळ सर्वांत सोयीची. शेर आणि रुई यांचा चीक डोळ्यांना घातक असतो, कण्हेर विषारी आहे, आणि उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, टेकड्यांवर मुबलक दिसत असली तरी तिचे चमचे करू नयेत. वेताळ टेकडी किंवा तळजाई येथील वनखात्याच्या हद्दीतून काडीही आणू नये. शहरातील वृक्षतोडीला १९७५ चा राज्याचा कायदा लागू असल्याने आवारातले झाड तोडण्यापूर्वी किंवा मोठी छाटणी करण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी. पावसाळ्यापूर्वी सोसायट्यांमध्ये होणाऱ्या रीतसर छाटणीतून पुरेसे लाकूड मिळते, असा आमचा अनुभव आहे.

एका तुकडीत आम्ही १२ पेक्षा अधिक शिक्षक घेत नाही, आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही वस्तू तयार होत नाही, याबद्दल क्वचित नाराजी व्यक्त होते. त्या वेळात निसण्यावर चाकू पाजवणे, बटाट्याच्या सोलाण्याने साल काढणे आणि मुख्यतः बसणे शिकवले जाते: कोपरे गुडघ्यांवर टेकलेली, पाते गुडघ्यांच्या पुढे, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते. हात पसरून फिरवल्यावर कोणालाही लागत नाही एवढे अंतर ठेवूनच चाकू म्यानाबाहेर काढायचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी सुचवलेल्या दप्तराविना दहा दिवसांत स्वतः वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना ही बैठक अंगवळणी पडलेली हवी, आणि ती घाईत पडत नाही.

चाकू, घडीची करवत, निसणा आणि प्रथमोपचार पेटी आमची असते. लाकडाची सोय होत नसेल तर आठ दिवस आधी कळवावे; वाजवी शुल्कात ते आम्ही घेऊन येतो. लाकूड आपण जमवले असेल, तर आदल्या संध्याकाळी कापलेल्या टोकावर नख दाबून पाहावे आणि त्या टोकाचा फोटो आम्हाला पाठवावा. नखाचा वण उमटला असेल तर गोणपाटावर आणखी एक तांब्या पाणी शिंपडून ठेवावे. नसेल तर सकाळी येताना आम्ही आमची मोळी गाडीत टाकतो.